छप्पर उडालं तो महिना

भर दुपारी वावटळ उठली आणि धाकट्याच्या घरावरचे पत्रे उचलून घेऊन गेली, तेव्हा आत फक्त म्हातारा होता. जेवून खाटेवर आडवा झालेला. धाकटा गोठ्यातून धावत आला, तर भिंती जागेवर, चूल जागेवर, बाप जागेवर आणि वर नुसतं आभाळ. म्हाताऱ्याने डोळे किलकिले करून वर बघितलं आणि दार कोणी सताड उघडं टाकलं म्हणून विचारलं.

पत्रे तीन शेतं ओलांडून कांद्याच्या वाफ्यात पडले होते. आढं मधोमध मोडून त्याचं एक टोक चुलीत आलं होतं. धाकटी शेतातून आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, की सरपणाची तेवढी सोय झाली.

खरं तर घर एकच होतं. सहा वर्षांपूर्वी भावांनी मधे भिंत घातली आणि त्याची दोन झाली. वावटळीनेही त्या भिंतीपाशीच हात आखडता घेतला. इकडे थोरल्याच्या छपराचा खिळासुद्धा हलला नाही. थोरल्याची बायको, म्हणजे थोरली, अंगणातून हे बघत होती. तिच्या मनात आलं, वाऱ्यालाही कळतं कुणाचं छप्पर उडवायचं. मग तिला स्वतःचीच लाज वाटली. पण फार नाही.

या दोघी जावा सहा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. भांडत होत्या असंही नव्हे. भांडायला तोंड उघडावं लागतं. वाटण्या झाल्या त्या दिवशी पाटा थोरलीने उचलला आणि वरवंटा धाकटीने पदराआड नेला. आपण होऊन मागायचा नाही, असं दोघींनी मनाशी ठरवलं. तेव्हापासून थोरली पाट्यावर नदीतला गोटा फिरवायची आणि धाकटी फरशीवर वरवंटा. दोन्ही घरांत कालवणात खडे लागत. पुरुष मुकाट चावत. म्हातारा एक महिना इकडे, एक महिना तिकडे असा राहायचा, त्यामुळे दोन्हीकडच्या खड्यांचा त्याला अनुभव. थोरलीचे खडे जास्त मोठे असतात, असं तो धाकटीला सांगायचा. थोरलीला बरोबर उलटं.

थोरला दिवसाला दहा शब्द बोलणारा माणूस. त्यातले चार त्याने त्या दुपारी भावासाठी खर्च केले. “सामान घेऊन इकडे या.” मग बायकोकडे वळून म्हणाला, “आठ दिवसांचा प्रश्न.” आणि त्या दिवसापुरता मिटला.

अशा रीतीने धाकटा, धाकटी, त्यांची सहा वर्षांची मुलगी, म्हातारा, त्याची खाट आणि पाच कोंबड्या भिंतीच्या अलीकडे आल्या. थोरलीचा एकुलता एक मुलगा शहरात नोकरीला. म्हातारा धाकट्याकडे असला की त्या घरात दोनच ताटं वाढली जायची, आणि त्यातल्या एका ताटावर कोण बसायचं, तर हा दहा शब्दांचा धनी. आता अंघोळीला रांग, चुलीला रांग, आरशासमोर रांग. थोरलीने पहिल्या दिवशी डोकं धरलं.

पहिले चार दिवस जावांचं बोलणं मुलीमार्फत चाललं. मुलगी अंगाने एवढीशी म्हणून सगळे तिला टिकली म्हणत. थोरली म्हणायची, “टिकले, तुझ्या आईला सांग, घागर पालथी घालायची असते.” टिकली चार पावलं चालून जायची, सांगून यायची. धाकटी म्हणायची, “तुझ्या काकूला सांग, आम्हाला शिकवू नका म्हणावं.” टिकली परत चार पावलं. दोन दिवसांत पोर कंटाळली. एकसारखं रागाचंच काय न्यायचं आणि आणायचं? तिसऱ्या दिवसापासून तिने निरोप स्वतःच्या पदरचे द्यायला सुरुवात केली.

धाकटीने घास घेऊन म्हटलं, “काकूला सांग, मीठ जरा बेताने टाका.” टिकली थोरलीपाशी गेली आणि म्हणाली, “आई म्हणते, असं कालवण मी जन्मात खाल्लं नाही.”

शब्द तसे खोटे नव्हते. थोरली चुलीसमोर बसून राहिली. तिच्या हातच्या कालवणाला कोणी बरं म्हटल्याला पंधरा वर्षं झाली होती. संध्याकाळी तिने तेच कालवण पुन्हा केलं आणि धाकटीच्या ताटात दोन पळ्या जास्त ओतलं. धाकटीने ते संपवलं, दोन तांबे पाणी प्याली आणि टिकलीला म्हणाली, हा सूड आहे. टिकलीने काकूला सांगितलं, आई पोट फुटेस्तोवर जेवली.

चौथ्या दिवशी तिसऱ्यांदा तेच ताटात आलं तेव्हा धाकटीचा धीर सुटला. सहा वर्षांत पहिल्यांदा तिने थोरलीच्या तोंडाकडे बघून विचारलं, “जाऊबाई, मी तुमचं काय घोडं मारलंय?”

थोरली म्हणाली, “अगं, तुला आवडतं म्हणून तर.”

दोघींनी एकदमच टिकलीकडे बघितलं. टिकली म्हाताऱ्याच्या खाटेखाली शिरली. आधी धाकटीला हसू फुटलं, मग थोरलीला. थोरलीला हसायची सवय मोडलेली. तिला ठसका लागला, तशी धाकटीने पाठीवर थाप मारली, गरजेपेक्षा जरा जोरातच. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीने सामानातून वरवंटा काढला आणि न बोलता पाट्यावर नेऊन ठेवला. त्या दिवशीच्या कालवणात खडे नव्हते. धाकटा जेवता जेवता थांबला आणि यात काहीतरी कमी आहे म्हणाला.

पुढचे दिवस कसे गेले ते थोरलीला सांगता आलं नसतं, कारण सांगण्यासारखं त्यात काहीच घडलं नाही. सकाळी पुरुष उठायच्या आत दोघी गोठ्यामागे दगडावर बसून चहा प्यायच्या. गरम. लग्न झाल्यापासून थोरलीने चहा गरम असा प्यालाच नव्हता. सगळ्यांना देऊन होईस्तोवर तिचा निवायचा. तिला कांदा चिरायचा वैताग, तर धाकटीला तांदूळ निवडायचा. त्यांनी कामं बदलून घेतली आणि इतकी वर्षं आपण हे का सोसलं, म्हणून दोघी हळहळल्या. वाळलेल्या चादरींची घडी करायची झाली, तर आता समोरून दोन टोकं धरायला माणूस होतं. दोघी चादर ताणायच्या, जवळ यायच्या, टोकाला टोक मिळवायच्या आणि तेवढ्यात एकमेकींच्या कानात गावातल्या कुणाची तरी अब्रू काढून पुन्हा लांब जायच्या. चादरी चार होत्या. पण घडीला तासभर लागायचा.

थोरला अंघोळ करताना गुणगुणायचा, हे थोरलीला माहीत होतं. पण ते रेडकू हरवलेल्या म्हशीसारखं ऐकू येतं, हे तिला धाकटीने हुबेहूब करून दाखवलं तेव्हा कळलं. तेव्हापासून तो मोरीत शिरला की दोघी तोंडात पदर कोंबून बसायच्या. दोघे भाऊ शेजारी शेजारी झोपायचे आणि दोघांच्या हातात करवतीचं एकेक टोक असल्यागत एकाआड एक घोरायचे. म्हातारा सगळ्यांत सुखी. खाट कुठे हलवायची नव्हती, आणि कुणाची चहाडी कुणाकडे करायची, हा एक प्रश्न सोडला तर त्याला काही कमी नव्हतं.

आता सुताराचं. गावात सुतार एकच, आणि त्याला सगळे ‘उद्या’ म्हणत, कारण काम विचारलं की तो तेवढंच बोलायचा. त्याने केलेल्या पाळण्यात पोराचं पोर झोपतं, अशी त्याची ख्याती. छपरासाठी त्याने आठ दिवसांचा वायदा दिला, तो कोणी मनावर घेतला नाही. पण यावेळी त्याला खरंच घाई होती. पलीकडच्या गावी शाळेच्या बाकांचं मोठं काम त्याने धरलं होतं आणि पुढच्या महिन्यात तिकडे हजर व्हायचं होतं. सातव्या दिवशी थोरली अंगणात आली, तर नवं आढं चढलेलं आणि अर्धे वासे ठोकून झालेले. उरलेले वासे तिने दोनदा मोजले.

तिने चहा केला आणि भिंतीपलीकडे गेली.

“सुतारदादा, लाकूड ओलं वाटतं मला.”

उद्या म्हणाला, “वहिनी, तीस वर्षं लाकूड ओळखतोय मी.”

तिने मग खिडकीचं काढलं. धाकटीला धुराचा त्रास होतो, खिडकी मोठी केली तर बरं. त्यासाठी चार वासे उतरवावे लागतील, असं तो म्हणाला. थोरली म्हणाली, उतरवा की, घाई कुणाला आहे? परत येताना तिने स्वतःला समजावलं, की हे आपण जावेच्या डोळ्यांसाठी केलं.

दिवस जात राहिले आणि छप्पर काही होईना. एक वासा चढला की दोन उतरत. थोरलीला वाटलं, आपल्या एका खिडकीने केवढं काम केलं. रोज जेवताना ती तोंडाने सुताराला नावं ठेवायची. नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणायची. बाकीचेही नावं ठेवायचे, आणि सगळे पोटभर जेवायचे.

अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी सगळे अंगणात चहाला बसले असताना उद्या सुतार करवत हातात घेऊन भिंत ओलांडून आला. असा रागावलेला त्याला कुणी पाहिला नव्हता. त्याने करवत जमिनीवर ठेवली आणि विचारलं, “तुम्हाला छप्पर पाहिजे का नको, ते एकदा सांगा.”

मग त्याने एकेकाचं काढलं. थोरल्या वहिनींनी खिडकी वाढवली, ठीक. धाकट्या वहिनींनी दाराची दिशा तीन वेळा बदलली. पहिल्या जागी आणून ठेवली तेव्हा म्हणाल्या, हेच म्हणत होते मी. धाकट्याने खिळ्यांचा डबा कडब्याच्या गंजीत लपवला. तो सापडला कसा, तर त्यावर कोंबडी अंड्याला बसली होती. म्हातारबुवा रोज सकाळी उन्हाला म्हणून पत्र्यांच्या चळतीवर येऊन बसतात ते अंधार पडेपर्यंत उठत नाहीत. आणि थोरले मालक रोज येतात, ‘सावकाश’ एवढंच म्हणतात आणि निघून जातात.

“तीस वर्षं मी लोकांना टोलवलं,” उद्या म्हणाला. “मला कोणी टोलवलं नव्हतं.”

अंगणात माणसं कमी आणि खाली घातलेल्या माना जास्त, असं झालं. म्हातारा म्हणाला, की त्याला काही ऐकू आलेलं नाही. थोरलीने धाकटीकडे बघितलं. धाकटी बशीत बघत होती. आता कुणीतरी एक वाक्य बोलायला हवं होतं. राहू दे ते छप्पर, एवढंच. थोरलीच्या जिभेवर ते आलं होतं. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. आधी आपणच का, असं तिच्या मनात आलं. समोरचीच्याही मनात तेच आलं असणार. थोरली म्हणाली, “चहा निवतोय सगळ्यांचा.” आणि सुताराला म्हणाली, “करून टाका दादा. आम्ही कशाला अडवू?”

दोन दिवसांत छप्पर झालं. चांगलं झालं, उद्याच्या मानाने. तिसाव्या दिवशी सकाळी सामान गेलं, कोंबड्या गेल्या. म्हाताऱ्याचा धाकट्याकडचा महिना वावटळीने अर्ध्यावर तोडला होता, तो पुरा करायला तोही गेला. वरवंटा धाकटीने नेला नाही आणि थोरलीनेही तो परत दिला नाही. त्याबद्दल कोणी बोललं नाही. जाताना टिकली तेवढी रडली. बाकीच्यांना जमलं नाही.

संध्याकाळी थोरलीने स्वयंपाक केला आणि दोन ताटं वाढली. थोरला जेवला, उठला. तिने पातेल्यात बघितलं, तर अजून चार जणांचं होतं. हाताला सवय लागली होती. ती पातेल्याकडे बघत राहिली. नेऊन द्यावं तर म्हणेल, सकाळी गेलो आणि संध्याकाळी आल्या मागे. ठेवावं तर नासेल. शेवटी ती पातेलं घेऊन गोठ्याकडे निघाली. उजेड होता अजून. धाकटी पलीकडच्या अंगणात भांडी घासत होती.

“काय आहे त्यात?” धाकटीने विचारलं.

“उरलंय. म्हशीला घालते.”

धाकटीने हातातलं ताट खाली ठेवलं. “आमची चूल महिनाभर बंद होती. धूर कोंडतोय. पोर अजून जेवली नाही. आणि तुम्ही म्हशीला घालताय?”

“मग मागायचं होतंस.”

“मागू कशाला? तुम्ही विचारायचं होतं.”

“मी विचारायचं? मी? थोरली असून?”

“थोरल्या आहात तर थोरलेपण दाखवा कधी.”

आणि मग जे सुरू झालं त्याची गावाने सहा वर्षं वाट पाहिली होती. वाटणीच्या दिवशी कोण काय म्हणालं, तिथपासून ते टिकलीच्या बारशाला कोण आलं नाही, तिथपर्यंत सगळं निघालं. दोघींचे आवाज असे लागले, की कुंपणापाशी माणसं जमली. मागच्या लोकांना दिसेना म्हणून पुढच्यांना खाली बसवण्यात आलं. उद्या सुतार अवजारं घेऊन निघाला होता, तोही थांबला. टिकली सवयीने मधे जाऊन उभी राहिली, तर दोघींनी एका सुरात तिला घरात जा म्हणून सांगितलं. ती गेली नाही. म्हाताऱ्याने तिला खूण केली, आणि दोघांनी पातेलं खाटेपाशी ओढून नेलं. म्हैस बघत राहिली.

थोरलीचा घसा बसला तेव्हा धाकटीने तांब्याभर पाणी आणून दिलं. ते पिऊन थोरलीने पुढचा मुद्दा काढला.

अंधारून आलं, म्हशी धारेसाठी ओरडायला लागल्या, तेव्हा धाकटी उठली. “माझं अजून संपलेलं नाही,” ती म्हणाली. “सकाळी येते, मग बोलते.”

“ये,” थोरली म्हणाली. “मी काय पळून चाललेय?”

घरात आली तेव्हा थोरला दारातच होता. त्याने काय झालं म्हणून विचारलं. ती म्हणाली, कुठे काय. मग तिने लगबगीने दोन कप धुऊन पालथे घातले, दुधाचं भांडं हाताशी आणून ठेवलं आणि पुरुष उठायच्या आत आपण उठायचंच, असं मनाशी पक्कं केलं. बोलायचे राहिलेले आणखी दोन मुद्दे तिला आठवले होते, आणि दोन्ही चांगले होते.