खांद्यावरचे ठोके

"अहो, बंद करा ती! आधी बंद करा!" मागून बायको, रंभा, ओरडली.

जनूने रेसची मूठ कधीच सोडली होती. तरी त्याची जुनी राजदूत मोटरसायकल गोविंदाच्या गॅरेजसमोर उभ्या उभ्या किंचाळत होती आणि समोरच्या टपरीवरची माणसं चहाचे ग्लास हातात धरून बघत होती. लोक आपल्याकडे बघायला लागले की जनूला काही सुचत नसे. त्याने उगाच क्लच दाबला, सोडला, मग किल्ली आठवली. ती फिरवल्यावर सगळं रोहा एकदम गप्प झाल्यासारखं त्याला वाटलं.

रंभा नाक्यावरच उतरली होती. ती मागून गुडघे सांभाळत आली आणि पोह्याच्या पापडांची पिशवी बाकावर टेकवून तिने गोविंदाला गाठलं.

"भावजी, या गाडीच्या अंगात आलंय. भिसे खिंडीच्या उतारावर यांनी मूठ सोडली तर ही जास्तच पळायला लागली. आता मी हिच्यावर बसणार नाय. लेकीकडनं, सुरभीकडनं, रिक्षाने परत जाईन, नायतर तिथंच ऱ्हाईन."

"या वहिनी, बसा. पाणी घ्या," गोविंदा हसून म्हणाला.

रंभाने जनूकडे पाहिलं. जनूने मान खाली घातली. ती हे रागाच्या भरात बोलत नव्हती, हे त्याला कळत होतं.

जनू पेणला गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करत असे. बाकीचे रंग लावून मूर्ती त्याच्यापुढे यायची, तो श्वास धरून दोन डोळे काढायचा आणि शेजारच्याला विचारायचा, "सारखे आलेत ना रे?" इतक्या वर्षांत एकदाही त्याने हे विचारल्याशिवाय ब्रश ठेवला नव्हता. बोलायला तो एकूण कमीच. घरात रंभाशीसुद्धा दोन-चार वाक्यांपलीकडे त्याची गाडी जात नसे. पण राजदूतवर मागे ती बसली की कसं कोण जाणे, सगळं सुरळीत होई. ती त्याच्या कानाशी पेणपासून बोलायला लागे, वडखळला कोणाची तरी सून निघे, कासूला कोणाचं तरी दुखणं, आणि समोर फक्त रस्ता असल्यामुळे जनूही उत्तरं देई. कधी कधी विनोदसुद्धा करी. रेल्वेचा जिना रंभाच्या गुडघ्यांना झेपत नव्हता, एसटीची पायरी उंच पडत होती. या गाडीची बसकी सीट मात्र तिच्या मापाची होती. ती उतरून रिक्षात बसली म्हणजे काय संपणार होतं, ते जनूला नीट कळत होतं. सांगता आलं नसतं.

सुरभीच्या दारी आज वालाच्या शेंगा मडक्यात भाजायची पोपटी लागणार होती. तिचा दोनदा फोन येऊन गेला होता.

गोविंदा गाडीपुढे उकिडवा बसला. वर्ष-दीड वर्षात या जुन्या दोस्ताची भेट नव्हती, तेवढ्यात तो वाळला होता. पण गाडीला हात लावल्याबरोबर त्याचा चेहरा पूर्वीसारखा झाला. त्याने आधी गाडी चालू करून हँडल डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं आणि टाकीवर पंजा ठेवून थांबला.

"केबल ताणली असती तर हँडल वळवल्यावर रेस अजून चढली असती. तसं नाय." गाडी बंद करून त्याने कार्बोरेटरचं टोपण उघडलं, आतला सरकता तुकडा बोटाने वर केला, सोडला. तो टपकन खाली बसला. "हापण अडकत नाय." मग प्लग काढून उन्हात धरला. "हे बघ. पांढराफटक. पेट्रोल कमी, हवा जास्त. कुठनंतरी हवा खातेय ही."

"कुठनं?"

गोविंदा प्लगकडेच बघत राहिला. जनूने पुढे वाकून पुन्हा विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "दोनच जागा. कार्बोरेटर इंजिनाला जोडलेला असतो तिथनं, नायतर इंजिनाच्या आतलं ऑइल सील गेलं असंल तिथनं. जोड असंल तर किरकोळ काम. सील असंल तर सगळं इंजिन खोलायला लागंल. आणि खोललं तर..." त्याने बोटांवरचं ऑइल पुसलं. "या वयात मी ते परत बसवीन असा शब्द नाय देणार. गाडी ठेवून दे मग. आठवण म्हणून."

रंभा बाकावर सरळ बसली.

"जोडावर ऑइल सोडतो," गोविंदाने कॅन उचलला. "हवा तिथनं जात असंल तर ऑइल फट बुजवंल आणि घटकाभर रेस उतरंल."

गाडी पुन्हा किंचाळायला लागली. गोविंदाने टाकीवर एक हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने जोडाभोवती ऑइलचे थेंब सोडले. आवाज उतरला. रडणाऱ्या पोराला कोणी खांद्यावर घ्यावं तसा उतरला आणि पुन्हा चढला. गोविंदाने किल्ली फिरवली.

"नाय. फरक नाय. सीलच गेलंय."

आवाज उतरलेला जनूला ऐकू आला होता. आपल्याला भास झाला असेल. हवंय तेच ऐकू आलं असेल. इंजिनाच्या बाबतीत गोविंदापुढे आपण कोण?

"भावजी, उतरला की आवाज!" रंभा म्हणाली. "चांगला उतरला!"

गोविंदा तिच्याकडे पाठ करून हात पुसत होता.

"भावजी!"

तो वळला नाही. टपरीवरून कोणीतरी म्हणालं, "मावशी, अजून जोरात! बाबांच्या कानाला घंटा बांधायला लागंल!" दोघं-तिघं हसले.

मघाशी रंभाच्या एवढ्या तक्रारीवर गोविंदा नुसतंच 'पाणी घ्या' म्हणाला होता. जनूला सगळं एकदम उमगलं. तो उठला आणि गोविंदाच्या समोर जाऊन उभा राहिला. गोविंदाने त्याचा चेहरा वाचला, आणि हातातलं फडकं घडी घालावी तसं उगाच दुमडलं.

"पोरगा बोलतो कानाला मशीन लावा," तो हळू म्हणाला. "लावलं. हॉर्न ऐकू येतात, भांडी ऐकू येतात, सून काय बोलते ते ऐकू येतं. इंजिन तेवढं ऐकू येत नाय. नुसती खरखर. मग काढून ठेवलं. हाताला कळतं मला, जनू. पण ही एवढी थरथरतेय, की हातालापण कळंना." त्याने फडकं खांद्यावर टाकलं. "दुसऱ्या कोणाला दाखव. मी चुकीचं सांगीन."

रंभाने नजर पापडांच्या पिशवीकडे वळवली.

जनूने आयुष्यात कोणाला हुकूम सोडला नव्हता. तो खाली बसला, कॅन उचलून गोविंदाच्या हातात दिला आणि त्याला ओठ दिसतील असं म्हणाला, "परत टाक. मी सांगतो."

"कसं सांगणार? ओरडून?"

"मला कुठं ओरडता येतं?"

"ते मात्र खरं हो," रंभा म्हणाली.

गाडी चालू झाली. जनू गोविंदाच्या मागे उभा राहिला आणि आखणीच्या हाताची दोन बोटं त्याच्या खांद्यावर ठेवून आवाजाबरोबर ठोके द्यायला लागला. भराभर, एकमेकांवर चढणारे. ऑइलचे थेंब पडले. बोटं सावकाश झाली. मग पुन्हा भराभर.

गोविंदाची मान वर आली. "परत," तो म्हणाला. परत तेच झालं. त्याने किल्ली फिरवली आणि टपरीपर्यंत ऐकू जाईल एवढ्याने ओरडला, "जोड! अरे, जोडच हाय! सील शाबूत हाय तुझं!"

कार्बोरेटर सुटला तेव्हा जोडातून पिवळट, फुगलेलं, जिभेसारखं लोंबणारं काहीतरी बाहेर आलं. गोविंदाने ते चिमटीत धरलं.

"हे काय घातलंस?"

"पॅकिंग फाटलेलं," जनू म्हणाला. "कारखान्यात साच्याच्या रबराचे तुकडे पडलेले असतात. त्यातलं कापून बसवलं. चांगलं बसलेलं."

"गणपतीच्या साच्याचं रबर!" गोविंदाने कपाळावर हात मारला. "अरे, ते प्लास्टरला चालतं! पेट्रोल लागलं की फुगून मऊ होतं, जोड सुटतो, हवा आत! माझे कान गेले म्हणून हसतात, तुझं काय गेलं ते बघायला कोण नाय!"

"तरीच हिच्या अंगात आलं," रंभा म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. गोविंदाला शब्द कळले नाहीत, पण तिच्याकडे बघून तोही हसला.

मग त्याने फळीवरून पॅकिंगचा जाड कागद काढून जनूपुढे टाकला. "काप तूच. माप झकास घेतलंयस, माल तेवढा चुकला." जनूने पाटावर कागद ठेवला, छोट्या सुरीने गोल कापला, दोन भोकं पाडली. बारीक कडा फुंकून त्याने तो गोविंदाच्या तळहातावर ठेवला. सारखं आलंय का, हे विचारायचं राहून गेलं.

जोड बसला. गाडी एका लाथेत चालू झाली आणि किंचाळली नाही. गोविंदा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन खाली वाकला, जनूची बोटं पुन्हा त्याच्या खांद्यावर आली. गोविंदा स्क्रू फिरवत होता आणि कुठेच बघत नव्हता. ठोके सैल होत गेले. एकदा फारच संथ झाले, तेव्हा त्याने स्क्रू अर्धा आटा परत घेतला.

"बस," तो म्हणाला. "हीच. हिची चाल हीच होती."

जनू बोटं काढायचं विसरला. गोविंदानेही खांदा हलवला नाही.

रंभा बाकावरून उठली. पापडांचं एक पुडकं गोविंदाच्या फळीवर ठेवलं, गाडीजवळ आली आणि आडवी बसून पदर खोचला.

"आणि रिक्षा गो?" जनू पुढे बघत म्हणाला.

"रिक्षावाला काय पेणपर्यंत माझं ऐकणार हाय? चला. पोर वाट बघतेय."

वळणावर जनूने आरशात पाहिलं. गोविंदा गॅरेजच्या दारात उभा होता. निरोपाला त्याने हात उचलला नव्हता. तो हात मांडीवर होता आणि दोन बोटं तिथे सावकाश ठोके देत होती, एकही न चुकवता.