नव्वद पावलं

काठीच्या टोकाचं सालपट — उभं, नखाएवढं, बोटाला टोचणारं.

डाव्या खांद्यावर ड्रमच्या पट्ट्याचा काळा डाग. लग्नातल्या ब्लाउजची बाही आईने त्याच्यासाठीच मोठी शिवून घेतली होती.

पलीकडच्या गच्चीवर बाई गादी झोडपते. आधी हात खाली येतो. मग आवाज.

‘प्रशिक्षण कोणाकडे घेतले?’ — रकाना रिकामा.

अंधेरी, पावणेदहा. तेवीस मुलं आणि एक निलेश, जो मोजायच्या वेळी नेहमी संडासात असतो.

टक्.

बस साकीनाक्याला अडकली होती आणि शीतल गमरे खिडकीशी बसून ते सालपट नखाने सोलत होती. खरं तर इतकंच चाललं होतं — मागे ड्रम एकमेकांवर आपटू नयेत म्हणून मधे कोंबलेल्या जुन्या चादरी, मुलांच्या पांढऱ्या मोज्यांना घरोघरची वेगवेगळी नीळ, आणि रस्त्याकडेच्या कुठल्याशा गाळ्यात पत्रा ठोकणारा माणूस, ज्याची लय ती न मोजता मोजत होती. मिनिटाला एकशे दहा. एकशे आठ. थकलाय, उतरत चाललाय... आज राज्याच्या शालेय बँडची मुख्य तालप्रशिक्षक कोण, ते ठरणार होतं. मुलुंडच्या शाळेच्या मैदानात चौदा वर्षं चुन्याच्या रेघा मारल्यावर तिचं नाव शेवटच्या दोघांत आलं होतं. याच्या वर जागा नव्हती. याच्या वर फक्त दिल्लीचा तो रुंद रस्ता, आणि त्यावरून चालणारी आपली मुलं.

“बाई, निलेशने परत मिसळ खाल्लीये,” मागून दीप्ती म्हणाली. दीप्ती पहिल्या रांगेतली, साइड ड्रमवाली. “बेस ड्रमवर ओकणार हा आज.”

“गप ए. तू माझा डबा संपवलास म्हणून खाल्ली.”

“चालता चालता जिरेल,” शीतल म्हणाली. “बेस ड्रमचा ठोका कुठल्या पायावर?”

“डाव्या,” चोवीस गळे, कंटाळलेले.

“बघायचं काय?”

“पुढच्याचा पाय.”

“आणि कान?”

“घरी ठेवायचे.”

मुलं हसली. हे वाक्य त्यांना बाईंचं वाटतं. बाईंचं नव्हतं ते... कुंडलिक सरांचं होतं. पलटणीच्या बँडातून निवृत्त होऊन घाटकोपरला राहायला आलेला माणूस, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीसाठी विहाराच्या अंगणात वस्तीतल्या पोरांना शिकवायचा, आणि ड्रम दोनच, म्हणून बाकीच्यांना घडी घातलेल्या गोधडीवर वाजवायला लावायचा. गोधडी आवाज देत नाही. अकरा वर्षांच्या शीतलने आठ महिने न ऐकू येणारा ताल वाजवला. मग एका संध्याकाळी खरा ड्रम गळ्यात आला, पहिलीच काठी पडली आणि ती दचकून थांबली. सर म्हणाले, “त्याला काय भितेस गं, तो आवाज हवेचा. तुझं आहे ते मनगटात.” आणि मग त्यांनी दोन पोरांना मैदानाच्या दोन टोकांना उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या, आणि तिला मधोमध. “बघ, हात एकदम मिटतात ना? आता एका टोकाला जा आणि ऐक.” टोकाला जाऊन ऐकलं तर लांबची टाळी मागाहून आली. “नजर उडत येते, आवाज चालत येतो. मोठ्या मैदानात कानाच्या नादी लागलीस की संपलीस.” अजूनही दर जूनला, पहिल्याच आठवड्यात, ती नव्या मुलांना हाच टाळ्यांचा खेळ खेळायला लावते. दर जूनला. त्या सालीही लावला होता.

टक्.

हे तिला नऊ वर्षं ऐकू येतं. मुलं वाजवत असताना, दोन ठोक्यांच्या बरोब्बर मधे, लोखंडी टोपण बसवलेली काठी दगडावर टेकल्यासारखं. सुरुवातीला तिने कान तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, तुमचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत.

मैदानावर मंडपात तीन खुर्च्या. मधल्या खुर्चीतल्या चंद्रप्रकाश सरांनी, निवड समितीचे प्रमुख ते, तिचा फॉर्म उलटसुलट करून पाहिला.

“गमरे मॅडम, सगळं भरलंय आणि हा एक रकाना मोकळा. शिकलात कोणाकडे? आकाशातून पडलात की काय?”

“कुंडलिक सर,” ती म्हणाली. तोंडातून नाव निघायला इतका वेळ लागला की ते दुसऱ्याच कोणीतरी उच्चारल्यासारखं वाटलं. “घाटकोपरचे.”

“पलटणवाले? अरे वा, मोठा माणूस.” त्यांनी पेन उघडलं, स्वतःच लिहायला घेतलं. “शेवटी मात्र ताल गेला होता म्हणे त्यांचा. कोणीतरी सांगितलं होतं मला, आता कोण ते आठवत नाही. वय झालं की होतं असं. तुमच्या वेळी चांगले होते ना?”

आठवत नाही त्यांना. कसं आठवेल... चहाच्या टपरीवर, दुसऱ्या शाळांच्या बँडशिक्षकांसमोर, कटिंगचा ग्लास हातात फिरवत ती एकदाच म्हणाली होती — सरांचा ताल गेलाय हो. एकदाच. हळहळून. मी हळहळून म्हणाले होते, आणि ते खरं वाटावं इतपत माझे डोळेही भरले होते. ते वाक्य टपरीवरून उठून शाळाशाळांतून फिरत फिरत आज इथे, मंडपात, खुर्चीवर येऊन बसलं होतं, आणि विचारत होतं — होते ना?

“हो,” शीतल म्हणाली. “माझ्या वेळी चांगले होते.”

चंद्रप्रकाश सरांनी पेनाचं टोपण लावलं. “चला. प्रशिक्षकांनी त्या कुंपणापाशी थांबायचं. रेघेच्या आत यायचं नाही, खूण करायची नाही. मुलं काय करतात ते बघू.”

कुंपणापर्यंत ती चालत गेली. पावलं मोजली, सवयीने. मधल्या रेघेपासून नव्वद.

मुलं निघाली. दीप्तीची काठी वर, निलेशचा हात मागे, चोवीस डावे पाय एकदम जमिनीवर — आणि आवाज नाही. पाय उचलायला लागले तेव्हा आवाज आला. पुन्हा पाय. मग आवाज. नव्वद पावलांवर आवाज जवळजवळ अर्धा ठोका मागे चालतो, हे गणित ती झोपेतही सांगेल... मुलं उत्तम चालत होती, हे तिला दिसत होतं. ऐकायला मात्र सगळा बँड लंगडत होता. आणि तिच्या नकळत तिची टाच पायांबरोबर जमिनीवर पडायला लागली होती, आवाजाबरोबर नव्हे, पायांबरोबर. इथून, कुंपणापासून, या टाचेचा आवाज मुलांपर्यंत गेलाच, तर तिथे तो कधी पोचेल?

दोन ठोक्यांच्या मधे.

शाळेचं गेटही मधल्या रेघेपासून एवढंच होतं. नऊ वर्षांपूर्वीच्या त्या डिसेंबरात सर रोज सकाळी यायचे. रबरी चपला, पलटणीचा विटलेला स्वेटर, काठी. आत येत नसत, शाळा तिची होती. गेटाशी उभं राहून काठी टेकत बघायचे. बाकीच्या मुलांना काही नाही, पण मागच्या रांगेची दोन मुलं त्या टक्-टक्‌ला ओढली जायची, पाय अडखळायचा. जिल्ह्याची पाहणी आठवड्यावर आली होती. मुख्याध्यापिका खिडकीतून म्हणाल्या होत्या, “ते आजोबा कोण? शिकवतं कोण नक्की, तुम्ही की ते?” आणि वॉचमन धाकू, कुडाळचा, रोज तिच्याकडे विचारायला यायचा.

“बाईनू, म्हातारो परत इलो हा. आत घेव?”

आत घे, म्हणायला हवं होतं. एवढंच. नव्वद पावलं चालत येऊ द्यायचं, रेघेशी, माझ्या शेजारी खुर्चीवर बसवायचं, आणि काठी ठोक्यावर पडली असती, जशी ती सगळा जन्म पडत आली होती. पण ती म्हणाली, “गेट लाव, धाकू. सांग, परीक्षा आहे.”

धाकू जाऊन आला. “काय म्हणाले?” तिने विचारलं.

“काय नाय. ‘पोरांचो पाय चांगलो पडता’ म्हणालो, नि गेलो.”

सर जाऊन चार वर्षं झाली. अंत्ययात्रेत ती शेवटच्या ओळीत होती, आणि तिथेही, त्रिशरण चालू असताना, तिने पुढे जाऊन कोणाला काही सांगितलं नाही. सांगायचं तरी काय... चूक झाली? चूक तर चौथीतलं मूलही करणार नाही अशी होती, आणि तीच चूक, तिने, जी दर जूनला टाळ्या वाजवून...

मुलं वळली. आता ती कुंपणाकडे येत होती, ऐंशी पावलं, साठ, चाळीस, आणि जवळ येता येता आवाज पायांना गाठत होता, लंगडणं मिटत होतं. मंडपातून कोणीतरी “वा” म्हणालं. टक् मात्र मिटलं नाही. मधेच होतं ते, जागच्या जागी. आजवर ते आलं की ती पळायची, आवाज वाढवायची, मुलांवर ओरडायची, गती वाढवायची. आज तिने टाच उचलून धरली आणि ते पडू दिलं. ऐकलं. ते उशिरा पडत नव्हतं. कधीच उशिरा पडलं नव्हतं. हे सांगायला मंडपापर्यंत जायला हवं, ती मनाशी म्हणाली, आणि तिचे पाय रेघेच्या अलीकडेच, शिकवल्यासारखे जुळलेले, उभे राहिले.

दोन हजार सोळाच्या बारा डिसेंबरला, सोमवारी, गेट लावायला सांगण्याच्या थोडं आधी, शीतल गमरे सरांच्या नकळत त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली होती, आणि त्यांची काठी मुलांच्या डाव्या पायाबरोबरच टेकते आहे हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं.