छोट्या पावाची जागा

धान्यावरचा कर उठला होता आणि इंग्लंडमधल्या बोल्टन गावात सकाळपासून बँड वाजत होता. मिरवणूक निघायच्या आत डॉर्कस करविरोधी कमिटीच्या दारात येऊन उभी राहिली. फडक्यात ओंजळीत मावेल एवढा पाव होता, पहाटेच भाजलेला. आजच्या मिरवणुकीत तोही फिरावा, एवढंच तिला हवं होतं.

चार वर्षं प्रत्येक मिरवणुकीत दोन पाव निघायचे. पुढे मोठा, कर नसता तर मिळाला असता तेवढा. तो धरायला गिरणीमालकाचा गुबगुबीत मुलगा. मागे छोटा, तेवढ्याच पैशात खरोखर मिळायचा तेवढा. तो डॉर्कसच्या लेकीकडे, फीबीकडे. पोरगी मुळातच काटकुळी, पण कामाचा अभिमान केवढा! चौकात गर्दी दिसली की ती गाल आत ओढून घ्यायची, आणि बायका डोळे पुसत अर्जावर सह्या करायच्या. मोठमोठ्या वक्त्यांना वळवता आली नाहीत एवढी माणसं त्या दोन गालांनी वळवली. छापून मात्र आली ती भाषणंच.

सभेनंतर तिला चहा आणि बन मिळायचा. तिने आधीच मागितला तर कमिटीचे मिस्टर क्लेग हसत म्हणायचे, "आत्ता नको गं बाई. गाल भरले तर आमचं कसं व्हायचं?" डॉर्कसही हसायची. कर गेला की पोर पोटभर जेवेल, असं तिला खरंच वाटायचं. त्या हसण्याबद्दल ती आता स्वतःला माफ करू शकत नव्हती.

हिवाळ्यात तापाने फीबी गेली. कर गेला तो उन्हाळ्यात.

डॉर्कसने पाव पुढे केला.

"अगं, जिंकलो आपण," क्लेग म्हणाले. "आता छोट्या पावाचं काय काम? घरी ने, खाऊन टाका दोघी मायलेकी. आहे कुठे ती? अजून ओढते का गाल?"

"शेवटी शेवटी ओढावे लागत नव्हते, साहेब."

बँडच्या आवाजात त्यांना ऐकू आलं नसावं. "छान, छान," म्हणत ते पुढे गेले.

मोठा पाव निघाला. त्याच्या मागची जागा रिकामीच होती. डॉर्कस छोटा पाव घेऊन तिथे चालू लागली. ही बाई गाल आत ओढून का चालली आहे, हे बघणाऱ्यांना कळेना.