दसऱ्याला काढलेली वायर

वडशाच्या वाचनालयाची ग्रंथपाल नाजिया शेख. तिच्याशी वाद घालायचा तर घरून जेवून निघावं, असं गावात म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. पण बाई कामाची वाघीण. झाडीपट्टीच्या, म्हणजे या पूर्व विदर्भातल्या, जुन्या नाटकांच्या हाती लिहिलेल्या वह्या गोळा करायच्या हे तिच्या डोक्यात आलं, आणि चार वर्षं ती स्कूटीवरून गावं पालथी घालत राहिली. लोकांना माळ्यावरच्या ट्रंका उतरवायला लावल्या, एकेक पान स्कॅन केलं आणि वही ज्याची त्याला सन्मानानं परत दिली. अशा दोनशे अकरा वह्या. त्या सगळ्या आता एका काळ्या पेटीत होत्या, म्हणजे वाचनालयाच्या सर्व्हरमध्ये. ती पेटी आतल्या खोलीतल्या कपाटात बारा महिने चालू असे.

परत दिलेल्या वह्यांचं काय झालं ते मात्र विचारू नका. कुणाची वाळवीनं खाल्ली, कुणाच्या सुनेनं रद्दीत घातली. उर्वशीबाई म्हणजे एके काळी जिच्या नावावर मंडप भरायचा ती नटी, आता पंचाहत्तरीची. गेल्या वर्षी वैनगंगेचं पाणी तिच्या घरात शिरलं आणि तिच्या वहीचा लगदा झाला. नाजियाकडे जास्तीची एक डिस्क होती, तीही उन्हाळ्यात बंद पडली. राहिली ती एकटी पेटी.

नाजियाचा धाकटा भाऊ नबील नागपुरात कंपन्यांचे सर्व्हर सांभाळतो. तो फोनवर रोज कानीकपाळी ओरडायचा.

"आपा, साऱ्या वह्या एकाच पेटीत? क्लाउडवर टाक ना. दूरच्या डेटा सेंटरात चार-चार कॉप्या राहतात."

"अन् इथी नेट गेलं तं? मागं रस्तेवाल्यानं केबल तोडली, अकरा दिवस नेट नोव्हतं. वाचकाले काय सांगू, अकरा दिवसानं या म्हनून? अन् आपल्या लोकाईच्या वह्या कोन्या परक्या गावात, कोनाच्या मशीनवर ठेवू? आपली वस्तू आपल्या छताखाली!"

वाचनालयाला अनुदान आलं होतं. नवा मोठा सर्व्हर घ्यायचा की क्लाउडवर जायचं, हे अध्यक्ष बापूरावांनी तिच्यावरच सोपवलं. "सोमवारी लेखी मत द्या," म्हणाले. तिनं ते लिहूनही ठेवलं: नवा सर्व्हर. सही तेवढी बाकी होती.

आता पत्रूभाऊंचं सांगायला हवं. पत्रूभाऊ वाचनालयाचे शिपाई, अठ्ठावीस वर्षं नोकरी. दर दसऱ्याला ते वाचनालयातली सगळी अवजारं पुसून पाटावर मांडतात. कात्री, स्टेपलर, बाइंडिंगचा दाभण, रबरी शिक्का, सगळ्यांना हळद-कुंकू आणि झेंडू. त्या दिवशी अवजाराला काम सांगायचं नाही, ही त्यांची रीत. मागच्या वर्षी त्यांनी चालू सर्व्हरवरच हळद उधळली. पेटीतल्या पंख्यानं ती आत ओढली आणि पेटी खोकत खोकत बंद पडली; नबीलनं येऊन साफ केली तेव्हा कुठं सुरू झाली. नाजियानं त्या दिवशी घर डोक्यावर घ्यावं तसं वाचनालय डोक्यावर घेतलं. मग कपाटावर कागद चिकटवला: 'पत्रूभाऊ, हात लावायचा नाही.' नावानिशी! बिचारे तो कागद रोज वाचून झाडू मारायचे.

यंदाच्या दसऱ्याला वाचनालयाला सुट्टी. नाजिया घरी कपड्यांच्या घड्या करत होती. दुपारी परतीचा पाऊस आला, कडाड्कन आवाज झाला आणि अर्ध्या गावाची लाइन गेली. पाच मिनिटांत वाचनालयाशेजारच्या शिंप्याचा फोन आला.

"बाई, तुमच्या मांगच्या खांबावर वीज पडली. लाइनीतले सारे टीव्ही फुटले जी!"

चप्पल घातली की नाही हेही तिला आठवत नाही. पावसातच स्कूटी काढली आणि वाचनालयाच्या दाराशी उभं राहून नबीलला फोन लावला.

"पेटी बंद होती का?" त्यानं विचारलं.

"बंद कशी राहीन? बारा महिने चालू राह्यते."

"मी उद्या येतो," नबील म्हणाला. एरवी एका शब्दाला दहा शब्द देणारा भाऊ एवढंच बोलला, तेव्हा तिला खरी भीती वाटली.

कुलूप उघडलं तर आत जळक्या प्लास्टिकचा वास. मोबाइलच्या उजेडात तिनं कपाट उघडलं. यूपीएस फुटून वितळलेला, मोडेम काळाठिक्कर, भिंतीवर हातभर काजळी. आणि पेटीची जागा रिकामी.

रिकामी! जळालेली पेटी तरी दिसायला हवी होती. चोरी झाली म्हणावं तर दाराला कुलूप. तिला काही सुचेना. उर्वशीबाईला काय तोंड दाखवायचं, एवढंच डोक्यात घुमत होतं. 'छताखाली, छताखाली' म्हणून तिनंच तर हट्ट धरला होता. स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं तिला.

भिंतीला धरत ती वाचनकक्षात आली, आणि जागीच थांबली.

खिडकीखाली पाट, मघाशी आत धावताना नजरेतून सुटलेला. पाटावर कात्री, स्टेपलर, दाभण, शिक्का. आणि मधोमध लाल कापडावर ती काळी पेटी, पुसून लख्ख केलेली. वर झेंडूचं एक फूल, झाकणावर कुंकवाची एक टिकली. वायर एकही नाही. विजेची नाही, नेटची नाही.

इतक्यात मागून धापा टाकत पत्रूभाऊ आले. बाईंना पाहून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"माफी करा जी," ते हात जोडून म्हणाले. "यंदा हळद नाई घातली. भाईर भाईरच टिकली लावली. सायंकाळी तुमाले मालूम पडायच्या आंधी जाग्यावर ठेवून देनार होतो."

"वायरी कधी काढल्या?"

"सकाळीच. माह्याजवळच्या किल्लीनं उघडलं. सालभर एक घडी बसत नाई ते. एक दिवस तं इसावा पाह्यजे ना जी, बाई."

नाजिया तिथंच जमिनीवर बसली. आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदमच. तिचा जीव असा भांड्यात पडला की पत्रूभाऊ घाबरून पाणी आणायला धावले. त्यांना वाटलं, आता नोकरी गेली!

तरी खात्री व्हायची होती. दुसऱ्या दिवशी लाइन आली आणि नबीलही नागपूरहून येऊन थडकला. त्यानं पेटी जोडली. उर्वशीबाईला कुणी बोलावलं नव्हतं, पण वीज पडल्याचं ऐकून ती काठी टेकत आली होती. पडद्यावर तिची वही उघडली. पहिलं पान, निळी शाई, कोपऱ्यात तेलाचा डाग. तिनं चष्मा लावलाच नाही. डागावर बोट ठेवलं आणि पहिल्या प्रवेशातलं आपलं बोलणं खणखणीत आवाजात म्हणायला लागली. पेपर वाचणारे दोन म्हातारे उठून उभे राहिले. पान संपलं तेव्हा नाजियाच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या, आणि ती त्या पुसतही नव्हती.

"देव तारी त्याले कोन मारी," उर्वशीबाई म्हणाली. "पन पोरी, एकच ठेवली होती का तू? आमच्या नाटक कंपनीत असं नोव्हतं चालत. एक वही मालकाजवळ, एक प्रॉम्टरजवळ, अन् ज्याच्या त्याच्या पार्टाची नक्कल ज्याच्या त्याच्या घरी. मालकाचं घर जळलं तरी तिसऱ्या दिवशी नाटक उभं राहे."

नबील छताकडे बघत राहिला. 'मी काय म्हणत होतो' हे त्याच्या ओठांवर आलं होतं, पण त्यानं ते गिळलं. शहाणा पोरगा.

नाजियानं टेबलाचा ड्रॉवर उघडला, बिनसहीचा कागद काढला आणि टरकन फाडला. नवा लिहायला दहा मिनिटंही लागली नाहीत. सर्व्हर आहे तोच इथं ठेवावा, नेट गेलं तरी वाचकांचं अडायला नको. सगळ्या वह्यांची एक नक्कल क्लाउडवर ठेवावी. आणि एक डिस्क गडचिरोलीच्या वाचनालयात. खाली झोकात सही केली. हट्टी माणूस चूक कबूल करतो तेव्हा एवढा मोकळा होतो, हे तिला पहिल्यांदाच कळत होतं.

नवा मोडेम यायला तीन दिवस लागले आणि वह्या क्लाउडवर चढायला पुढचे नऊ. शेवटची वही चढली तेव्हा तिनं पत्रूभाऊंना हाक मारून पडदा दाखवला.

"सारं झालं भाऊ. आता इथी वीज पडली तरी भेव नाई."

पत्रूभाऊंनी मान डोलवली, पण तोंड उतरलं. "मंग आता पूजा बंद का जी?"

नाजिया उठली. कपाटावरचा नावानिशी कागद नखानं खरवडून काढला आणि चुरगळून टोपलीत टाकला.

"बंद काऊन? पुढच्या दसऱ्याले वायर मी काढीन. तुमी झेंडू आना."