पाचव्यांदा काहून

अपेक्षाच्या कॉलेजात नवं काही कसं सुचावं हे शिकवायचे. दर बुधवारी आणि शुक्रवारी, जेवणाच्या सुट्टीच्या आधी. एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला तो रीतसर विषयच होता, ‘व्यवसायातील सर्जनशीलता आणि नवोपक्रम’. एवढं लांबलचक नाव घ्यायला कोणाला वेळ आहे? पोरं त्याला ‘क्रिएटिव्हिटी’ म्हणायची आणि हजेरी लागली की मागच्या बाकांवर मोबाइल चाळत बसायची.

शिकवायला स्वानंद सर होते. मूळ नागपूरचेच, पण मधली काही वर्षं बंगळूरला काढून आलेले. त्यामुळे नागपूरकरांना अजून बरंच काही समजायचं बाकी आहे, असा त्यांचा ठाम समज. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. वाईट असता तर त्याच्या नावानं बोटं मोडून मोकळं तरी होता आलं असतं.

सरांचं आवडतं हत्यार म्हणजे पाच वेळा ‘का’. गिऱ्हाइकाकडे जायचं, विचारायचं, तुम्ही ही वस्तू का घेता? तो काहीतरी सांगेल. त्यावर पुन्हा का. त्यावर पुन्हा. “पहिली चार उत्तरं माणूस तोंडदेखली देतो,” सर फळ्यावर टकटक करत म्हणायचे, “पाचवं खरं असतं. तिथपर्यंत पोचायची हिंमत असेल तरच नवं काही सापडतं.”

वर्षअखेरीचा प्रकल्प यावरच होता. घरातला किंवा नात्यातला एखादा धंदा निवडा, गिऱ्हाइकांना पाच वेळा का विचारा, सापडलं ते परीक्षकांसमोर मांडा. पहिल्या येणाऱ्याला बुटीबोरीच्या एका मसाला कंपनीत इंटर्नशिप, आणि तिथून नोकरी जवळजवळ पक्की. साहिलनं काकांच्या टाइल्सच्या दुकानाचं नाव दिलं, सदरमधल्या कॅफेत बसला आणि पाचही उत्तरं स्वतःच लिहून मोकळा झाला. अर्ध्या वर्गानं असंच केलं आणि कोणाचं काही बिघडलं नाही. अपेक्षाला ती अक्कल नव्हती. तिला सांगितलेलं काम ती सांगितल्याबरहुकूम करायची.

तिच्या घरातला धंदा म्हणजे आईच्या सांबारवड्या. कोथिंबिरीला तिकडे सांबार म्हणतात. तिचं सारण बेसनाच्या पातळ पाकळीत भरून, घड्या घालून तळायचं. बाबा, म्हणजे देवराव, कोराडीच्या वीज केंद्रात नोकरीला होते. ते हार्ट अटॅकनं गेले, क्वार्टर सोडावं लागलं आणि मायलेकी बेस्यात दोन खोल्यांत येऊन पडल्या. चुलते महिन्याला काही देऊ म्हणून आले होते. आईनं, म्हणजे प्रेमिलानं, त्यांना चहा पाजला, वर पोहे खाऊ घातले आणि सांगितलं, “भाऊजी, माह्या हाताले काही झालं नाही अजून.” त्यानंतर तो विषय कोणी काढला नाही.

तेव्हापासून दर शनिवारी प्रेमिला डबे भरून, दोन बस बदलून, शहराच्या या टोकापासून त्या टोकाला, कोराडीच्या कॉलनीत जायची. परतताना डबे रिकामे आणि मान ताठ. शेजारपाजारच्या बायकांना ऐकवायची, “कोराडीच्या बायांले माह्याबिगर जमतच नाही. एक शनिवार चुकला का फोनवर फोन.” नवरा गेलेल्या बाईकडे लोक ज्या नजरेनं बघतात, ती नजर तिनं या वड्यांच्या जोरावर परतवून लावली होती. आपण आपल्या हातचं खातो, कोणाच्या उपकाराचं नाही, एवढी एकच चैन तिच्याकडे होती.

अपेक्षा एका रविवारी शोभाकाकूंकडे गेली. जुन्या क्वार्टरच्या शेजारीण, आईची जीवाभावाची मैत्रीण. काकूंनी चहा टाकला. अपेक्षानं मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि कॉलेजचं काम आहे म्हणून सांगितलं.

“काकू, आईची वडी काहून घेता तुम्ही?”

“हे काय इचारनं झालं? चांगली रायते म्हणून.”

“चांगली काहून रायते?”

“हात हाय वं तुह्या आईचा. पाकळी पातळ, आत खसखस, खोबरं.”

“पण तशी तर चौकातल्या दुकानातबी भेटते. मग आईचीच काहून?”

“दुकानातल्या तेलाचा काय भरोसा?” काकू हसल्या. “अजून हाय का?”

अपेक्षाला लहानपणापासून सगळी कॉलनी पाठ होती. आई कुठल्या शनिवारी कोणाच्या घरी डबा देते, हेही ठाऊक होतं. “काकू, एका शनिवारी तुम्ही, वच्छलाकाकू, मयुरावहिनी. पुढच्या शनिवारी दुसऱ्याच जणी. दोन शनिवार लागून कोणीच घेत नाही. असं काहून?”

काकूंनी गॅस बारीक केला. “पाळी हाय ना आमची,” त्या म्हणाल्या.

इथं थांबायला हरकत नव्हती. पण चारच झाले होते.

“पाळी काहून?”

शोभाकाकू तिच्यासमोर येऊन बसल्या. “तू आता मोठी झाली, तुले सांगाले हरकत नाही. तुह्या बाबाची तेरवी झाली आन् आमच्या भिशीत इषय निघाला. प्रेमिला कोणाचा पैसा घ्याची नाही. मंग काय करता? पाळी लावली. कोणावरच भार नाही आन् तिची मान खाली नाही. आता ह्यांले तळलेलं चालत नाही, आमच्याकडं अर्धी वडी दूधवाल्यालेच जाते. जाऊ दे. ती येते, दाराशी बसते, दोन गोष्टी सांगते. ती आली नाही तर शनिवार शनिवारासारखा वाटत नाही. पण आईच्या कानावर जाऊ देऊ नको वं. मरून जाईल ती.”

“नाही सांगत,” अपेक्षा म्हणाली.

परतीच्या बसमध्ये तिला वाईट वाटलं का? वाटलं, कोराडी नाक्यापर्यंत. मग तिच्या लक्षात आलं की सरांची रीत खरंच चालते. पाचवं उत्तर खरंच वेगळं निघालं. वर्गात एकालाही असं काही सापडलं नसणार. तिला आनंद झाला, आणि तो लपवायला बसमध्ये ओळखीचं कोणी नव्हतं.

सरांना तिनं सगळं सांगितलं, नमुना म्हणून वड्यांचा डबाही नेऊन दिला. सर खुर्चीतून उठलेच. “अपेक्षा, हे सोनं आहे.” शेवटच्या स्लाइडवर एक चौकट होती, तिच्यात मूळ कारण एका शब्दात लिहायचं. दारात बसणं, दोन गोष्टी, शनिवार शनिवारासारखा न वाटणं, हे सगळं त्या चौकटीत मावणारं नव्हतं. तिनं इंग्रजीत ‘सिंपथी’ लिहिलं. आईचं नाव कुठंच घातलं नाही. ‘कोराडीतील एक घरगुती उद्योजिका’ एवढंच. शब्द पाळला, असं तिनं स्वतःला समजावलं.

कार्यक्रम शनिवारी ठेवला तेव्हा तिला हायसंच वाटलं. शनिवारी आई कोराडीला असते.

पण स्वानंद सरांना सुचण्याचा रोग होता. डब्यावर प्रेमिलानं स्वतःचा नंबर चिकटवला होता. सरांनी त्यावर फोन केला आणि परीक्षक-पाहुण्यांसाठी वड्यांची ऑर्डर दिली. वर सांगितलं, “काकू, मुलीला बोलू नका, सरप्राइज आहे.” प्रेमिलाच्या आयुष्यातली कॉलनीबाहेरची ही पहिली मोठी ऑर्डर. तिनं पहिल्यांदाच स्वतःहून कोराडीचा शनिवार मोडला. तळून-बांधून, ठेवणीतली हिरवी साडी नेसून, ऑटो करून ती कॉलेजात आली.

अपेक्षा व्यासपीठावर होती, निम्मं बोलून झालं होतं, तेव्हा तिला मागच्या दारातून आई आत येताना दिसली. दोन्ही हातांत पिशव्या, चेहऱ्यावर न मावणारं कौतुक. शिपायानं दिलेल्या खुर्चीवर ती टोकाला बसली आणि लेकीकडे बघून हसली.

ती शेवटची स्लाइड गाळता आली असती. रिमोट अपेक्षाच्याच हातात होता. पण समोर मसाला कंपनीचे साहेब पेन सरसावून बसले होते, आणि साहिलच्या काकांसारखा तिच्यासाठी शब्द टाकणारा कोणी नव्हता. सगळं इंग्रजीत आहे, आईला कुठं कळतंय, असा विचार तिनं केला. केला म्हणजे केलाच, त्याला दुसरं गोंडस नाव नाही. तिनं बटण दाबलं आणि नेहमीपेक्षा भराभर बोलून गेली. टाळ्या वाजल्या. सगळ्यात जोरात आईनं वाजवल्या.

मग स्वानंद सर माइक घेऊन उठले. “आज आपल्यात खुद्द त्या उद्योजिका आहेत. प्रेमिलाकाकू, या ना पुढे.” प्रेमिला पदर सावरत पुढे आली. सरांना वाटलं, इंग्रजीमुळे बिचारीला काही कळलं नसेल. आपल्यामुळे कोणी मागे राहू नये. त्यांनी प्रेमानं, सावकाश, साध्या मराठीत समजावून सांगितलं.

“काकू, तुमच्या मुलीनं काय शोधलं माहीत आहे का? तुमची गिऱ्हाइकं वडी चवीसाठी घेतच नाहीत. तुमचे मिस्टर गेले तेव्हा कॉलनीतल्या बायकांनी भिशीत ठरवलं, तुम्हाला मदत म्हणून पाळीपाळीनं घ्यायची. खायला नको असते, तरी घेतात. म्हणजे तुम्ही वडी विकतच नाही आहात, लोक दया विकत घेताहेत. आता हे कळल्यावर किती नवीन करता येईल, बघा.”

अपेक्षाला सरांच्या हातातून माइक हिसकावून घ्यावासा वाटला. ती जागची हलली नाही. सगळं सभागृह आईकडे बघत होतं, आणि ती नजर अपेक्षाला चांगली ओळखीची होती.

“हो का?” प्रेमिला म्हणाली. “वड्या गरम हायेत तवर खाऊन घ्या.”

आणि तिनं पिशव्या उघडल्या, स्वतःच्या हातानं सगळ्यांना वाढल्या. परीक्षकांना, सरांना, साहिलला. मसाला कंपनीच्या साहेबांनी मागून घेऊन पुन्हा खाल्ली. “अप्रतिम,” ते म्हणाले. प्रेमिलानं मान हलवली. आता या शब्दावर तिचा विश्वास बसणं शक्य नव्हतं, हे वाढणारीला कळत होतं आणि लेकीला कळत होतं. खाणाऱ्याला काय त्याचं?

पहिला नंबर अपेक्षाचाच आला.

बेस्याच्या बसमध्ये दोघी शेजारी बसल्या. मानेवाडा मागे पडेपर्यंत आई खिडकीबाहेर बघत होती.

“कोणाले इचारलं तू?”

“शोभाकाकूले.”

“पाच खेपा?”

“तशी रीत आहे आई. पाच वेळा विचारायचं असते.”

“चार खेपा इचारून थांबता येत नव्हतं काय वं?”

“आई, काकू फक्त तेवढंच नव्हत्या बोलल्या. तू आली नाही तर शनिवार शनिवारासारखा वाटत नाही म्हणाल्या. तू दाराशी बसते ते त्यांले आवडते.”

“मंग ते नाही सांगितलं तू तिथं?”

“तिथं लिहायला जागा नव्हती.”

“असं,” आई म्हणाली, आणि पुन्हा खिडकीकडे वळली.

शोभाकाकूंना विचारून बघ, मी खोटं नाही बोलत, असं अपेक्षाला म्हणायचं होतं. त्या नुसती दया करत नाहीत, त्यांना तू हवी आहेस. रात्रभर ती मनात वाक्यं जुळवत राहिली. सकाळी तिनं धीर करून तोंड उघडलं, तोवर आईनं फोन लावलेलाही होता. पीठ मळायच्या परातीशेजारी तो स्पीकरवर टाकून ठेवला होता.

“शोभाताई, प्रेमिला बोलून राहिली. कालबी जमलं नाही, आन् आता येणंच होणार नाही माह्यानं. कंबर लय दुखते. साऱ्यांले सांगून द्याल.”

अपेक्षा दारात उभी राहून ऐकत होती. असं काय करते वं, ये ना, वडी नको आणू पण तू ये, एवढं एक वाक्य पलीकडून येऊ दे, म्हणून तिनं मुठी आवळल्या होत्या.

“बरं केलं बाई,” शोभाकाकूंचा आवाज आला, ओझं उतरल्यासारखा मोकळा. “तुलेबी किती दगदग होती. मी सांगून देते साऱ्यांले. आराम कर.”

फोन बंद झाला. प्रेमिलानं पिठाचे हात धुतले, पदराला पुसले आणि लेकीकडे बघितलं.

“तुह्या सरले सांगजो,” ती म्हणाली, “उत्तर बरोबर निघालं म्हणून.”