तीन सेकंदांचा दरवाजा

चूक माही होती, हे आधीच सांगते. मंग कोणी नितीनले शिव्या घालू नका.

मी पांढुर्ण्याच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते, आणि उरलेल्या वेळात एका ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिमचा टायमरचा भाग सांभाळते. मशीनले बसवायच्या लहान कंट्रोल पेट्यांसाठी ती सिस्टिम आहे. जगभरचे लोक मिळून लिहितात, कोणीही फुकट वापरते. माहा जुना विद्यार्थी नितीन, त्यानं सौंसरच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये अशी पेटी बसवली. तिथं कापूस साफ करणारा ड्रम बंद केला तरी अर्धा मिनिट फिरतच राहते. तोवर पेटी त्याचा दरवाजा उघडू देत नाही. दिवसातून दहा वेळा कापूस अडकते, आणि तो काढायले आत हात घालणारा माणूस म्हणजे माहे बाबा, भाऊराव. दरवाजा उघडला म्हणजे ड्रम थांबला, हे त्यायले मीच शिकवलं होतं.

त्या दिवशी अकरा वाजता नितीनचा फोन आला. नागपूरच्या बसमध्ये होता.

"ताई, सकाळी जिनिंगच्या पेटीत तुमचा नवीन कोड टाकला. एक नंबर चालून राहिला! दरवाजा तं आता झटकन उघडते."

"झटकन म्हणजे किती?"

"तीन सेकंद असंल."

आमचा टायमर आजवर सेकंदाचा शंभरावा भाग मोजत होता. मागच्या महिन्यात मीच तो बदलून हजारावा केला. नितीनच्या कोडातले तीन हजार आधी तीस सेकंद होते, आता तीन झाले. आणि कोड निमूटपणे चालला, कुठं चूक दाखवणारी एक लाल ओळसुद्धा आली नाही.

"नोटीस वाचली नाही का बे तू?" मी ओरडली.

"वाचली ना! तुम्हीच तं ईमेलवर लिहिलं होतं, टायमरमध्ये थोडी साफसफाई केली आहे, सवडीनं पाहून घ्या."

घ्या! खरंच तसं लिहिलं होतं. प्रोजेक्टचा नियम आहे, जुना कोड बिघडणार असंल तं माथ्यावर 'इशारा' लिहायचा आणि काय बिघडंल ते पहिल्याच ओळीत सांगायचं. मले वाटलं, एवढ्याशासाठी लोकायले कायले घाबरवायचं. अक्कल गहाण ठेवली होती मी!

बाबाचा फोन डब्याच्या पिशवीत असते. दोनदा लावला, उचलला नाही. मंग सुपरवायझर केशवरावले लावला.

"काकाजी, प्रज्ञा बोलून राहिली, भाऊरावची पोरगी. ते ड्रमचं मशीन जरा पाहून घेता का? थोडी गडबड आहे."

"पाहू ना बाई, जेवणाच्या सुट्टीत पाहतो. आज कापसाच्या गाड्या लय लागल्या आहेत."

"बरं," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

ठेवला! तिकडं बाबा मशीनपाशी, आणि माह्या तोंडातून निघालं 'बरं'. आमच्याकडे माणूस गेला तरी फोनवर 'तब्येत जरा जास्त आहे, निघून या' एवढंच सांगतात. ऐकणारा समजून घेते, कारण तोही इथलाच असते. पण 'थोडी गडबड' ऐकून मशीन कोण बंद करते? पुन्हा लावला. उचला ना हो काकाजी, उचला!

"हं, बोल."

"मशीनपासून बाबाले दूर करा! आत्ता! दरवाजा उघडते तवा ड्रम फिरतच असते. त्यायचा हात जाईल!"

तिकडं फोन टेबलावर आपटला. केशवरावच्या पळत्या चपला ऐकू आल्या. "भाऊराव! ए भाऊराव, हात काढ!" आणि मंग एक किंकाळी. आवाज ओळखायले मले एक सेकंदही लागला नाही.

बाबाची दोन बोटं गेली. पहिल्याच फोनवर खरं बोलली असती तं वाचली असती, हे मले कोणी समजावून सांगायची गरज नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात, त्यायच्या खाटेजवळ बसून मी टायमरच्या त्या फंक्शनचं नावच बदलून टाकलं. आता जुना कोड गुपचूप चालणार नाही, जुनं नाव न सापडून तयार होतानाच अडून बसंल. मंग नवीन नोटीस लिहिली, पहिल्याच ओळीत 'या बदलानं एका माणसाची दोन बोटं गेली', आणि आमच्या प्रोजेक्टची प्रमुख हिमानी, तिले आधी दाखवली. तिचं लगेच उत्तर आलं. 'इशारा' बरोबर आहे, म्हणे, पण पहिल्या ओळीतली बोटं काढ. लोक हादरतील. 'एका ठिकाणी अडचण आली' एवढं पुरे.

"काय लिहून राहिली?" बाबानं विचारलं.

मी माही आणि हिमानीची, दोन्ही ओळी वाचून दाखवल्या. बाबा पट्टी बांधलेल्या हाताकडे पाहत राहिले.

"अडचण?" ते म्हणाले. "तुही माय कालपासून मले घास भरवून राहिली. बोटं लिही. कोणत्या हाताची, तेही लिही."

मी 'उजव्या हाताची' लिहिलं आणि नोटीस पाठवून दिली.