हेव्याचा चटका

हरिश्चंद्रबुवाच्या अंगणात उभं राहायला जागा नव्हती. फोंडाघाटच्या बाजारापासून वैभववाडीपर्यंतची माणसं टेंपोत दाटीवाटीनं बसून आली होती. रस्त्यापलीकडे माझा दवाखाना. तिथल्या बाकावर सकाळपासून मांजर झोपलं होतं. मला हेवा वाटला का? वाटला, चांगला घसघशीत वाटला. एवढी वर्षं शिकून मला जे जमलं नाही ते या माणसानं नुसती दाढी वाढवून जमवलं होतं.

साल २००६. भाताची कापणी उरकली होती आणि आसपासच्या गावांत न हटणारा ताप पसरला होता. बुवाचा चमत्कार असा की तापानं फणफणलेली बाई आली, की त्याची बायको तुळसा तिला कुडाच्या न्हाणीत नेऊन हळदीच्या पाण्यानं आंघोळ घाली. मग ती बाई पदर घेऊन बुवासमोर बसे. बुवा डोळे मिटून घुमत असे. तिच्याकडे त्यानं एकदाही पाहिलेलं नसे. आणि मध्येच तो ओरडे,

"कमरेर! डाव्या अंगाक! काळो डाग! हेव्याचो चटको ह्यो! कोणाच्या तरी पोटात दुखता, तेचो चटको तुझ्या अंगार उठलो!"

बायका आडोशाला नेऊन बघत. डाग असे. विडीचा चटका बसावा तसा काळा, पण न दुखणारा. अंगणभर हात जोडले जात. हेवा करणारं माणूस कोण, ते मात्र बुवा सांगत नसे. ते सांगायला गावात कुणालाच बुवा लागत नाही.

गावातल्या शेवंतीच्या अंगावर डाग निघाला तेव्हा सगळी बोटं तिच्या मोठ्या जावेकडे, सुभद्राकडे वळली. सासूच्या सोन्याच्या पाटल्या सासऱ्यांनी, आबांनी, धाकट्या सुनेला दिल्या तेव्हापासून सुभद्रा धुमसत होती. त्याच रागानं ती यंदा राखणीला गेली नव्हती. राखण म्हणजे जमिनीच्या राखणदाराला वर्षातून एकदा द्यायचा मान. रानाच्या कडेला कोंबडा कापायचा, तिथंच शिजवायचा आणि तिथंच गवतात बसून जेवायचं. बाकी सगळं घर गेलं. पुढं शेवंती तापली, तिची नणंद तापली, खुद्द सुभद्राचा नवराही तापला. सुभद्रा तेवढी ठणठणीत.

"घरातली माणसां तापान पडली आणि हिका साधी शिंक नाय," आबा म्हणाले. "आणखी काय पुरावो होयो?"

ठरलं. अमावास्या झाली की सुभद्रानं नांदगावला माहेरी जायचं. मुलं मात्र इथंच राहणार.

त्या दुपारी सुभद्रा दवाखान्यात आली. बस म्हटलं तरी बसली नाही.

"डाक्टरबाईनू, हेव्यान माणूस मरता काय?"

"असं का विचारतेस?"

"पोरांका सोडून जावक सांगतत. आणि शेवंतीचा काय बरा-वायट झाला, तर पोरां माका परत मेळची नायत."

मी तिच्याबरोबरच त्यांच्या घरी निघाले. शेवंतीचं रक्त आधी तपासलं होतं. मलेरिया नव्हता, आणि टायफॉइडच्या औषधाला ताप दाद देत नव्हता. बुवानं सांगितलेला तो डाग मी बघायला मागितला, तेव्हा शेवंती लाजली. मग निऱ्या थोड्या खाली केल्या. काळी खपली, भोवती लालसर कडं, जांघेत सुजलेली गाठ. स्क्रब टायफस, किडा चावून येणारा ताप! मी लगेच तिला आणि घरातल्या बाकी दोघा आजाऱ्यांना गोळ्या सुरू केल्या. दोन दिवसांत ताप उतरला आणि मी मनातल्या मनात बुवाला वाकुल्या दाखवल्या.

पण शेवंतीला उभं राहवेना. पाय लटपटत, जेवण जाईना, दिवसभर अंग गळून जाई. बुवा समाचाराला आला.

"ताप गेलो तो माझ्या अंगाऱ्यान," तो म्हणाला. "अशक्तपणा ऱ्हवलो तो घरातल्या हेव्यान. तिका भायर काढा, ही उद्या उठान चलात."

आबांना ते पटलं. गोळ्या माझ्या आणि श्रेय अंगाऱ्याला! मला राग आला, पण त्याहून जास्त मत्सर वाटला. खोटं कशाला सांगू?

अमावास्येला मी स्वतःच बुवाच्या अंगणात गेले. आबा, सुभद्रा, सगळे तिथं होतेच.

"बुवा, माझ्याकडे कुणी फिरकत नाही. दवाखान्यावर कुणाची नजर आहे का बघा."

लोक हसले. बुवाला मात्र आकाश ठेंगणं झालं. डॉक्टरीण पायाशी आली होती! तुळसानं मला अंधाऱ्या न्हाणीत घाईघाईनं आंघोळ घातली. साडी नेसून मी येऊन बसले, तशी ती धुपाटणं ठेवायला बुवाच्या कानाजवळ वाकली. बुवा घुमू लागला.

"पोटार! बेंबीच्या उजव्या अंगाक! काळो डाग! हेव्याचो चटको! डाक्टरबाई, तुझ्या वायटावर कोणतरी आसा!"

मी पदराआड हात घातला, तो चटका नखानं सोडवला आणि सगळ्यांना दिसेल असा वर धरला. निघताना मीच चिकटवलेली बाजारातली काळी टिकली होती ती, पाकिटातली सगळ्यात मोठी.

आधी एका म्हातारीला हसू फुटलं, मग सगळ्या अंगणाला.

"आंघोळ तुळसा घालते," मी म्हणाले. "डाग तिला दिसतो, ती कानात सांगते. बुवांनी फक्त घुमायचं. शेवंतीचा डाग मात्र खरा आहे. गवतात, झुडपांत धड डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्याची पिल्लं असतात. ती चावलेली कळत नाहीत. चावतात तिथं खपली धरते आणि काही दिवसांनी ताप भरतो. राखणीला जे गवतात बसले, त्यांतलेच तापले. सुभद्रा रुसून घरी राहिली म्हणून वाचली."

"मगे ताप गेलो तरी शेवंती उठणा कशी नाय?" आबांनी विचारलं.

"पुराचं पाणी ओसरलं तरी शेतात चिखल राहतोच ना, आबा? रोग गेलाय. शरीर सावरायला काही आठवडे घेईल. पुन्हा ताप आला तर मात्र थांबू नका, मला दाखवा."

"देवाची थट्टा करतास!" बुवा ओरडला. "त्या बायलेच्या मनात हेवो नाय म्हणान सांग बघया!"

सुभद्रा पुढं आली.

"आसा! माका शेवंतीचो हेवो वाटता. पाटल्यो तिका गावल्यो म्हणान माझ्या पोटात दुखला, अजून दुखता. सगळ्यांसमोर सांगतंय. पण हेव्यान ताप येतो, तर पयलो माकाच येवक होयो होतो!"

कुणी हसलं नाही. आबा उठून सुभद्राजवळ आले.

"घराक चल गो," ते म्हणाले. "पोरां वाट बघतत."

शेवंतीला अंगात बळ यायला महिना लागला. तोवर तिच्या वाटणीचं पाणी सुभद्रानं भरलं, आणि घागर उतरवताना पाटल्यांवरून टोमणाही मारला. तिचा हेवा गेला नाही. माझाही, बुवाकडे उरलेली गर्दी बघून, पुरता गेलेला नाही.

हेवा सगळ्यांनाच वाटतो. त्यानं दुसऱ्याच्या अंगावर डाग उठत नाही. ताप हटत नसेल तर लाज न धरता अंग नीट बघा, आपण कुठल्या रानात, कुठल्या गवतात बसलो होतो ते आठवा आणि डॉक्टरला सांगा. ताप गेल्यावर थकवा राहिला तर धीर धरा. आजाराचं कारण घरातल्या बाईच्या मनात शोधत बसाल, तर आजारी माणूस मरेल आणि मुलं आईला मुकतील.